‘सांगता येत नाही’ हा रकाना : परक्या देशांविषयीचे जनमत कसे मोजले जाते?

१/
राजगडाच्या पायथ्याशी नाचणी पिकवणाऱ्या सतराव्या शतकातील शेतकऱ्याला इंग्रजांविषयी काय वाटत होते? पोर्तुगीज त्याला शत्रू वाटत, की कोकणात उतरलेले कुणी अनोळखी टोपीकर? याचे उत्तर आज कोणालाही देता येणार नाही, कारण त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. परक्या देशाविषयी ‘लोकांना काय वाटते’ हे जाणून घेण्याची धडपड मात्र पुढे पुष्कळ झाली. ती कशी झाली, आजच्या जनमत चाचण्या ती कशी करतात आणि त्यांचे आकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कसे वाचावेत, याविषयीचा हा धागा. 🧵

२/
आरंभ ओळखीच्या साधनापासून. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या आरंभीचे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशा टोपीकरांचा विचार त्यात स्वतंत्रपणे केलेला आहे. हे इतर सावकारांसारखे केवळ सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना जागा देताना सावध असावे, हा त्याचा आशय. परराष्ट्रांविषयीचे मराठी मत म्हणून हा मजकूर नेहमी पुढे केला जातो. तो दूरदृष्टीचा आहेच. पण ते एका अमात्याचे मत आहे. गडाखालच्या गावांचे मत त्यात कोठेही नोंदलेले नाही.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारला ‘नेटिव्हांचे मत’ जाणून घेण्याची गरज भासू लागली. मुंबई इलाख्यात त्यासाठी एक कायमची व्यवस्था उभी राहिली. ‘ओरिएंटल ट्रान्सलेटर’ या अधिकाऱ्याची कचेरी देशी वृत्तपत्रे वाचून त्यांतील महत्त्वाच्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला सरकारला सादर करी. रशिया, तुर्कस्थान, अफगाणिस्तान, जपान यांच्याविषयी मराठी व गुजराती पत्रांत काय छापून येते, हे साहेबाच्या मेजावर पोहोचत असे. आज हे अहवाल अभिलेखागारांत आहेत आणि संशोधक त्यांचा आधार घेतात.

४/
१९०४–०५ च्या युद्धात जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा आशियातील एका देशाने युरोपीय सत्तेला नमवले म्हणून मराठी वृत्तपत्रांत आनंद उमटला. ‘त्या काळी लोकांना जपानविषयी आदर वाटत होता’ हे विधान याच आधारावर केले जाते. मात्र १९०१ च्या जनगणनेत देशातील साक्षरांचे प्रमाण शंभरात सहासुद्धा नव्हते. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ही रीत धरली तरी संपादकाचे मत आणि इलाख्याचे मत यांत मोठे अंतर उरते. सरकारी कचेरीने वर्तमानपत्र मोजले. लोक मोजले नाहीत.

५/
पहिल्या महायुद्धात आणखी एक साधन हाती आले, ते म्हणजे शिपायांची पत्रे. फ्रान्समधील हिंदी सैनिकांचा पत्रव्यवहार तपासण्यासाठी सेन्सॉरची कचेरी होती. पत्रांतील उतारे भाषांतरित करून फौजेचा कल काय आहे याचे अहवाल तयार होत. फ्रान्समधील शेती, तेथील स्त्रिया, थंडी, तोफा, जर्मनांचे बळ या साऱ्यांविषयीची मते त्यांत सापडतात. परदेश प्रत्यक्ष पाहिलेल्या सामान्य माणसाचा आवाज म्हणून ही पत्रे अमोल आहेत.

६/
अडचण अशी की, आपले पत्र वाचले जाते हे शिपायांना ठाऊक होते. म्हणून ते जपून लिहीत, कधी सांकेतिक भाषा वापरत. ‘काळी मिरी’ संपत आली असे लिहिले की हिंदी शिपाई समजावेत, ‘तांबडी मिरी’ म्हटले की गोरे. सेन्सॉरलाही हा संकेत कळला होता. विचारणारा कोण आणि वाचणारा कोण, यावर उत्तराचा आकार ठरतो, हा धडा जनमत चाचणीचे शास्त्र जन्मण्याआधीच या पत्रांनी देऊन ठेवला आहे.

७/
याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. १९१५–१६ च्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यातही त्या अडकल्या होत्या. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील अनेक गावांत आजही दगडी पाट्या दिसतात : या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. परक्या देशाशी गावाचा आलेला संबंध दाखवणारे ते दोन आकडे. गावाला त्या युद्धाविषयी काय वाटले, हा तिसरा आकडा कोणत्याही पाटीवर नाही.

८/
सामान्य माणसाच्या दारात जाऊन त्यालाच विचारावे, ही कल्पना १९३० च्या दशकात अमेरिकेत रुजली. १९३५ मध्ये जॉर्ज गॅलप यांनी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ स्थापन केली. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या आणि तरीही त्याचा अंदाज साफ चुकला. गॅलप यांनी फार थोड्या पण काळजीपूर्वक निवडलेल्या लोकांना विचारले आणि रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितले. मोजणीत संख्येपेक्षा निवड महत्त्वाची, हे तेव्हापासून सिद्ध झाले.

९/
मराठीत यालाच ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणतात. भोर, वेल्हे, मुळशी हा आंबेमोहराचा पट्टा. येथे ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. एक शीत दाबून पातेल्याचा अंदाज येतो, पण भात सगळीकडे सारखा शिजत असेल तरच. तळाचा करपला आणि वरचा कच्चा राहिला, तर वरचे शीत फसवते. म्हणून चाचणीत नमुना निवडताना चिठ्ठीचे तत्त्व पाळावे लागते : प्रत्येक प्रौढाला, तो कोठेही राहत असो, निवडले जाण्याची ज्ञात संधी मिळाली पाहिजे.

१०/
परक्या देशाविषयी विचारताना सहसा चार पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात : फार चांगले मत, काहीसे चांगले, काहीसे वाईट, फार वाईट. अमेरिकेतील ‘प्यू रिसर्च सेंटर’ अनेक देशांत याच पद्धतीने विचारते. पहिल्या दोन पायऱ्यांची बेरीज ‘अनुकूल’, उरलेल्या दोहोंची ‘प्रतिकूल’. तोच प्रश्न त्याच शब्दांत वर्षानुवर्षे विचारला की आलेख तयार होतो. या पद्धतीचे खरे बळ एकट्या आकड्यात नसून या आलेखात आहे. मोजपट्टीत थोडी खोट असली तरी ती दरवर्षी सारखीच राहिली, तर चढउतार विश्वासाने वाचता येतो.

११/
१९४८ च्या सुमारास युनेस्कोच्या पुढाकाराने नऊ देशांत एक सर्वेक्षण झाले. लोकांपुढे विशेषणांची यादी ठेवली : कष्टाळू, बुद्धिमान, शूर, क्रूर, गर्विष्ठ, शांतताप्रिय इत्यादी. कोणत्या राष्ट्राला कोणते विशेषण लागू पडते, ते निवडायचे. विल्यम ब्युकॅनन आणि हॅडली कँट्रिल यांनी १९५३ च्या ग्रंथात त्याचे निष्कर्ष मांडले. राष्ट्रांविषयीच्या प्रतिमा हे वैराचे मूळ नसून बहुधा त्याचे फळ असते : सरकारांचे संबंध बिघडले की कालचे ‘शूर’ आज ‘क्रूर’ होतात. त्या नऊ देशांत भारत नव्हता.

१२/
भारतात हे काम १९५० च्या दशकात ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ या दिल्लीतील संस्थेने हाती घेतले. एरिक दा कोस्टा हे तिचे संस्थापक. ‘मंथली पब्लिक ओपिनियन सर्व्हेज’ या तिच्या मासिकातून अमेरिका, सोव्हिएत संघ, चीन यांच्याविषयीचे भारतीय मत वर्षानुवर्षे छापले गेले. शीतयुद्धकालीन भारताचे मन जाणण्यासाठी अभ्यासक आजही ते अंक चाळतात. परंतु परराष्ट्रांविषयीची यांतील पुष्कळशी सर्वेक्षणे मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास यांसारख्या महानगरांतील होती. ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीपेक्षा पल्ला वाढला, पण पातेल्याच्या वरच्या थरापर्यंतच.

१३/
चीनचे उदाहरण पाहावे. १९५० च्या दशकात ‘हिंदी–चिनी भाई भाई’ची घोषणा होती. ऑक्टोबर–नोव्हेंबर १९६२ मध्ये युद्ध झाले आणि ती भावना कोसळली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे वाक्य राज्यभर रूढ झाले. चाचणीच्या भाषेत ही अनुकूलतेची घसरण. पण घसरणीचा आकडा केवळ तापमान सांगतो, ताप कशाचा आहे हे सांगत नाही.

१४/
कारण याच महाराष्ट्राच्या स्मृतीत चीनचे दुसरेही रूप आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. आज एखाद्या सोलापूरकराला ‘चीनविषयी आपले मत काय?’ असे विचारले, तर तो कोणत्या चीनविषयी बोलेल? कोटणिसांच्या, १९६२ च्या, २०२० च्या गलवानच्या, की हातातल्या स्वस्त मोबाइलच्या? चार पायऱ्यांच्या पट्टीवर या चारही चीनची एकच खूण होते.

१५/
अमेरिकेची गोष्ट याहून बोलकी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेने ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. त्या काळातील महानगरी चाचण्यांत अमेरिकेची पत एकदम उतरलेली दिसते आणि ऑगस्ट १९७१ च्या मैत्री कराराने जवळ आलेल्या सोव्हिएत संघाची चढलेली. पाठोपाठ महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला. रेशनवर मिलो आली. अमेरिकेतून आलेली ती लालसर ज्वारी त्या पिढीच्या तोंडी आजही आहे : कोणी तिला नावे ठेवतो, कोणी तिने जगवले म्हणतो, पुष्कळ जण एकाच दमात दोन्ही म्हणतात.

१६/
शहरातील सुशिक्षिताची अमेरिका आरमारातून आली; खडी फोडणाऱ्या मजुराची अमेरिका ज्वारीच्या पोत्यातून आली. ‘१९७२ मध्ये भारतीयांना अमेरिकेविषयी राग होता’ हे वाक्य पहिल्यापुरते आधारसिद्ध आहे. दुसऱ्याचे मत कोणत्याही मासिकात छापले गेले नाही. ते मौखिक इतिहासात शोधावे लागते. तेथेही त्याचे उत्तर अनुकूल वा प्रतिकूल अशा घरात सहजी बसत नाही.

१७/
भोरहून वरंध घाट उतरले की महाड, पुढे जुना कुलाबा जिल्हा. तेथील गावांत बेने इस्रायली, म्हणजे ‘शनवार तेली’, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि मराठी बोलत. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. ज्याच्या आजोबांचा शेजारी तिकडे गेला, त्याच्या लेखी इस्रायल हा बातम्यांतला देश नसतो. घाटावरच्या आणि घाटाखालच्या दोन माणसांनी ‘चांगले मत’ असे एकच उत्तर दिले, तरी त्यांच्या उत्तरांचा उगम वेगळा असू शकतो.

१८/
आता पुणे–सातारा महामार्गालगतच्या शिवरे गावाकडे येऊ. ‘प्यू’ने २०२३ मध्ये भारतात २,६११ प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. २०११ च्या जनगणनेनुसार भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून सुमारे २ लाख ४० हजार. देशाच्या लोकसंख्येशी तिचे प्रमाण काढले, तर २,६११ पैकी या दोन्ही तालुक्यांच्या वाट्याला साधारण अर्धा माणूस येतो. शिवऱ्याच्या वाट्याला काय येत असेल, याचे त्रैराशिक वाचकांनी मांडावे.

१९/
यात लबाडी काही नाही. देशाच्या सरासरीसाठी एवढा नमुना चालतो. शुद्ध चिठ्ठीने निवडल्यास त्यातील संभाव्य चूक सुमारे २ टक्क्यांची असते, आणि प्रत्यक्षात गावांचे पुंजके निवडले जात असल्याने ती त्याहून थोडी वाढते. गडबड होते ती सरासरी खाली उतरवताना. लोकसंख्येच्या प्रमाणात या नमुन्यात महाराष्ट्राचे साधारण २४० जण येतील. त्यांच्यावरून राज्याचे मत सांगायचे तर चूक ६ टक्क्यांच्या पुढे जाते. ‘मराठी माणसाला अमुक देश आवडतो’ अशी चित्रफीत फिरते, तेव्हा आधी विचारावे : किती मराठी माणसांना विचारले?

२०/
समजा, चिठ्ठी शिवऱ्याचीच निघाली आणि प्रश्नावली घेऊन कोणी ओसरीवर आले. चाचणीचे शास्त्र गृहीत धरते की उत्तर देणारा एकटा आहे. १९५८ मध्ये लॉइड आणि सुझान रुडॉल्फ या दांपत्याने मद्रास राज्यातील सर्वेक्षणाचा अनुभव ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’त लिहिला, त्यात नेमकी हीच अडचण आहे : गावात एकट्याची मुलाखत मिळत नाही, माणसे जमतात, जाणता माणूस उत्तर देऊ लागतो. सुनेला विचारलेल्या प्रश्नाला सासरे उत्तर देतात, हे महाराष्ट्रातही कोणाला नवे नाही. मग नोंद होते ती कोणाच्या मताची?

२१/
शब्दांचाही प्रश्न आहे. सह्याद्रीच्या या कडेला ‘देश’ म्हणजे घाटमाथ्यापलीकडचे पठार, कोकणाच्या विरुद्ध बाजूचे. पेशवाईच्या कागदांत ‘परदेशी’ म्हणजे उत्तर हिंदुस्थानी शिपाई. ८ मार्च १९४८ रोजी विलीन होईपर्यंत भोर हे पंत सचिवांचे संस्थान होते. पुण्याकडचा इंग्रजी अंमलाचा भाग म्हणजे ‘खालसा मुलूख’, आणि संस्थानची प्रजा कायद्याने ब्रिटिश प्रजाजन नव्हती. ‘परका मुलूख’ हा शब्द येथे एकेकाळी काही कोसांवर लागू होई. अशा भाषेत ‘फेवरेबल’चे भाषांतर ‘अनुकूल’ करावे की ‘चांगले’, आणि ‘देश’ म्हणजे तेथील सरकार की माणसे, हे प्रश्नावली ठरवते. बातमीत मात्र ते शब्द कधी छापले जात नाहीत.

२२/
प्रश्नांचा क्रमही उत्तर बदलतो. १९४८ मध्ये हर्बर्ट हायमन आणि पॉल शीट्सली यांनी अमेरिकनांना विचारले : रशियासारख्या कम्युनिस्ट देशाच्या वार्ताहरांना येथे येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का? हा प्रश्न आधी विचारला तेव्हा सुमारे ३७ टक्के ‘हो’ म्हणाले. पण ‘अमेरिकी वार्ताहरांना रशियात जाऊ द्यावे का?’ हे आधी विचारून मग तोच प्रश्न केला, तेव्हा ‘हो’ म्हणणारे सुमारे ७३ टक्के झाले. देश तोच. मधल्या एका प्रश्नाने न्यायबुद्धी जागी केली.

२३/
याहून चकित करणारा प्रयोग यूजीन हार्टली यांचा. त्यांचा ग्रंथ १९४६ चा. अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी निरनिराळ्या राष्ट्रांच्या व समाजांच्या लोकांविषयी मत विचारले. यादीत ‘डॅनिरियन’, ‘पिरेनियन’, ‘वॉलोनियन’ अशी तीन नावे मनानेच रचून घातली होती. कित्येक विद्यार्थ्यांनी या नसलेल्या लोकांविषयीही नापसंती नोंदवली, आणि ज्यांना खरे परके नकोसे होते त्यांना बहुधा हे खोटे परकेही नकोसे होते. परक्याविषयीचे मत पुष्कळदा मत देणाऱ्याविषयीच सांगते. ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याचा संकोच वाटला की माणूस हवेतूनही मत काढतो.

२४/
म्हणून या धाग्याचा मुख्य मुद्दा एका दुर्लक्षित रकान्याविषयी आहे : ‘सांगता येत नाही’. भारतात परराष्ट्रांविषयीच्या प्रश्नांना हे उत्तर पुष्कळदा मोठ्या प्रमाणावर मिळते. देवेश कपूर यांनी २००९ मध्ये मांडलेला अभ्यास दोन लाखांहून अधिक कुटुंबांच्या सर्वेक्षणावर आधारलेला होता. मत असणे वा नसणे हेही सामाजिक स्थितीशी बांधलेले असते, हे त्यातून दिसले : कमी शिक्षण, कमी उत्पन्न, तर मत न देणाऱ्यांचे प्रमाण अधिक. हा रकाना गाळून उरलेल्यांचे शंभर टक्के केले, की वरच्या थराचे मत ‘भारताचे मत’ होऊन बसते. अमात्य बोलतो, संपादक बोलतो, महानगर बोलते, आणि गाव पुन्हा गप्प.

२५/
हा रकाना म्हणजे निव्वळ अज्ञान, असे समजणे उतावळेपणाचे ठरेल. त्यात ज्याला खरेच ठाऊक नाही तो आहे, ज्याला अनोळखी माणसापुढे बोलायचे नाही तोही आहे, आणि एका शब्दात सांगता येण्याजोगे जिचे उत्तर नाही तीही आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे, इतके तेथील तरुण फौजेत गेले. अशा गावातील आईला शेजारच्या देशाविषयी विचारले आणि ती क्षणभर थांबून ‘काय सांगावं’ म्हणाली, तर ते उत्तर कोरे नाही. ज्यांची मुले सीमेवर आहेत, त्यांचे मौन गाळून युद्धाविषयीचे लोकमत ठरवता येत नाही.

२६/
तर मग चाचण्या निरर्थक म्हणाव्यात काय? मुळीच नाही. पर्याय काय होता, ते वर पाहिलेच. जनमत चाचणी हे इतिहासातील पहिले साधन आहे, ज्यात शिवऱ्याच्या शेतमजूर बाईचे उत्तर आणि दिल्लीच्या मुत्सद्द्याचे उत्तर तत्त्वतः सारख्या वजनाचे असते. बखरीत, वृत्तपत्रात, सरकारी अहवालात हे कधी घडले नाही. भारतात ‘लोकनीती–सीएसडीएस’ने आणि पुण्याच्या सुहास पळशीकरांसारख्या अभ्यासकांनी सर्वेक्षणाची ही शिस्त जोपासली आहे. साधन समतेचे आहे म्हणूनच त्यातील गाळणी खुपते.

२७/
दुसरीकडे, तणावाच्या प्रत्येक आठवड्यात समाजमाध्यमांवर ‘कौल द्या’ची चौकट येते. हजारो टिचक्या पडतात आणि ‘९० टक्के भारतीयांना युद्ध हवे’ असे चित्र फिरू लागते. ही ‘लिटररी डायजेस्ट’चीच आवृत्ती : संख्या प्रचंड, निवड शून्य. ज्याला तावातावाने बोलायचे आहे तोच टिचकी मारतो. ‘सांगता येत नाही’ असा पर्याय त्या चौकटीत बहुधा नसतोच. अशा आकड्याला जनमत म्हणणे हे कोणत्याही शाहिराच्या अतिशयोक्तीला इतिहास म्हणण्याइतकेच चुकीचे आहे. शाहिराने निदान अचूकतेचा दावा केलेला नसतो.

२८/
अभ्यासकांनी आणि माध्यमांनीही तीन गोष्टींचा आग्रह धरावा. एक : प्रत्येक आलेखावर ‘सांगता येत नाही’चा पट्टा ठळकपणे छापावा. दोन : प्रश्न ज्या भाषेत विचारला त्याच भाषेतील मूळ शब्द प्रसिद्ध करावेत, मराठीत विचारला असेल तर मराठीत. तीन : एका सुट्या आकड्यावरून निष्कर्ष न काढता आधीच्या वर्षांचा क्रम आणि त्या महिन्यातील घटना शेजारी ठेवाव्यात. यातील एकही मागणी खर्चिक नाही. माहिती बहुतेक वेळा मूळ अहवालात असते. ती बातमीपर्यंत येत नाही.

२९/
एक सराव. ‘प्यू’च्या त्याच २०२३ च्या पाहणीत पाकिस्तानविषयी प्रतिकूल मत असणारे भारतीय सुमारे ७३ टक्के होते. मथळे तेथेच थांबले. इतिहास वाचणाऱ्याने उरलेल्या २७ टक्क्यांकडे वळावे : त्यात अनुकूल किती, अनुत्तरित किती, ते कोणत्या राज्यांतले, कोणत्या शिक्षणाचे? बखर हाती आली की लेखक कोण, काळ कोणता, आश्रय कोणाचा, हे आपण विचारतोच. टक्केवारी हीसुद्धा आपल्या काळाची बखर आहे.

३०/
शंभर वर्षांनी कोणी विद्यार्थी एकविसाव्या शतकातील महाराष्ट्राला जगाविषयी काय वाटत होते, हे शोधू लागेल, तेव्हा त्याच्या हाती याच सारण्या येतील. राजगडाखालच्या शेतकऱ्याविषयी आज आपल्यापाशी काहीच नाही. त्याच्या वंशजांविषयी निदान एवढे तरी राहावे की त्यांना विचारले होते, आणि त्यांतील इतक्या जणांनी उत्तर देण्याचे नाकारले वा टाळले. तो आकडा पुसायचा की जपायचा, हे आज आलेख काढणाऱ्यांच्या आणि तो पुढे पाठवणाऱ्यांच्या हाती आहे.

(धागा समाप्त. पुढील वेळी टक्केवारीचे चित्र आले, की पुढे पाठवण्याआधी बेरीज शंभर होते का, तेवढे पाहावे.)